दुसरीचा माल

प्रिय मीरा आणि ईशान,

मीराच्या गेल्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. ती ज्या संस्थेत काम करते ती संस्था गरीब देशांतल्या, छोटे धंदे करणाऱ्या बायकांना मदत करते. ती लिहिते की या बायकांना कर्ज मिळतं, यंत्रं मिळतात, शिकवायला माणसं जातात, मालही उत्तम असतो. पण विकायची वेळ आली की त्या गडबडतात, आणि असं का होतं ते तिच्या कार्यालयात कोणाला नीट सांगता येत नाही. ‘आजी, तुझ्या काळात अशा बायकांना मदत करणारं कोणी होतं का?’ असं तिनं शेवटी विचारलं आहे.

होतं. त्यांचं नाव अंबूताई. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही दोघं मला मध्येच तोडता, आणि मला गोष्ट क्रमानं सांगायची सवय आहे. शिवाय अंबूताईंना पाहिलेली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांना ऐकू येत नाही. म्हणून लिहून ठेवते.

मी लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा पन्नास साल उलटून गेलं होतं. डोंबिवली तेव्हा गाव आणि शहर यांच्या मध्ये कुठेतरी होती. विहिरी होत्या, भातशेती होती, आणि मुंबईच्या कचेऱ्यांत जाणाऱ्या कारकुनांच्या बैठ्या चाळी होत्या. आमच्या चाळीच्या विहिरीपलीकडे अंबूताईंचं घर. मूळच्या तळकोकणातल्या. यजमान अण्णा कल्याणच्या मालधक्क्यावर कारकून. मूलबाळ नव्हतं. उंच, सावळ्या, नऊवारी लुगडं जरा वरच नेसायच्या, कारण त्यांना भरभर चालायला लागे. बारा महिने हातात छत्री. उन्हाची किंवा पावसाची नव्हे. बोलताना रोखायला काहीतरी लागतं म्हणून. कोणाच्याही घरी गेल्या तरी बसायच्या नाहीत. बसलं की चहा येतो, चहा आला की संसाराच्या गोष्टी निघतात, आणि कामाचं राहून जातं, असं त्यांचं म्हणणं.

मला त्या पहिल्या दिवसापासून ‘बी.ए.’ म्हणायच्या. “अगं बी.ए., तुझी बादली विहिरीत गेली.” चाळीत शिकलेली मी एकटीच नव्हते, पण इंग्रजी घेतलेली मी एकटी होते, आणि याचं त्यांना कौतुक आणि कीव दोन्ही वाटायचं.

दर मंगळवारी दुपारी, घरची जेवणं उरकली की, त्यांच्या ओटीवर बायका जमत. कोणी भाजणी करी, कोणी वाती वळी, कोणी गोधड्या शिवी. बहुतेकींच्या घरी नवऱ्याचा पगार पुरत नसे, काहींच्या घरी नवराच नव्हता. अण्णांना सुट्टी असली की ते आतल्या खोलीतून डोकावून म्हणत, “आमच्या घरी बाजार भरतो, फक्त भाजी तेवढी मिळत नाही.”

मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाहिलं की एक बाई भिंतीकडे तोंड करून उभी आहे आणि भिंतीला भाजणीचा भाव सांगते आहे. मला वाटलं शिक्षा झाली असावी. तो अंबूताईंचा अभ्यास होता. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला आधी भिंतीला भाव सांगावा लागे. भाव सांगायचा आणि गप्प बसायचं. सोपं वाटतं ना? करून पाहा. भाव सांगून झाला की आमच्या बायकांच्या तोंडून आपोआप पुढचं निघायचं: तुमच्यासाठी कमी करीन हो, घरचंच समजा, द्या सवडीनं, नाही दिलंत तरी चालेल. या सगळ्याला अंबूताई शेपट्या म्हणत. कोणी शेपटी लावली की छत्री जमिनीवर आपटायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

“भाव सांग आणि गप्प बस,” हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की अजूनही कानात आहे. “गप्प बसलीस की समोरची बाई विचार करते. तू बोललीस की ती विचार करायची थांबते.”

हे त्या ठेच खाऊन शिकल्या होत्या. डोंबिवलीला आल्या तेव्हा त्यांनी स्वतः मेतकूट आणि भाजणी करून विकायला काढली. माल फर्मास. पण शेजारीण वाटी घेऊन दारात आली, ‘अंबूताई, जरा मेतकूट देता का’ म्हणाली, की भाव सांगायचा कसा? जिच्याकडून आपण काल विरजण आणलं तिला? अंबूताई वाटी भरून देत आणि वर ‘असू दे हो’ म्हणत. “महिन्याभरात माझ्या दुकानाचं हळदीकुंकू झालं,” त्या सांगायच्या. “जी आली ती काहीतरी घेऊन गेली आणि मी सगळ्यांना पुन्हा यायचं आमंत्रण दिलं.”

मग फाळणी झाली आणि कल्याणच्या छावणीत सिंधी कुटुंबं येऊन राहिली. अण्णांचा डबा द्यायला गेलेल्या अंबूताईंना तिथे दोन जावा भेटल्या. रस्त्याकडेला शेजारी शेजारी बसून एक लोणची विकत होती आणि दुसरी भरतकामाचे रुमाल. अंबूताईंनी लोणच्याची चौकशी केली तेव्हा कळलं की लोणची विकणारी भरतकाम करते आणि रुमाल विकणारी लोणची घालते. त्यांनी मोडक्या हिंदीत कारण विचारलं. ती बाई हसली आणि म्हणाली की आपल्या वस्तूचा भाव सांगताना लाज वाटते, जावेच्या वस्तूचा सांगायला लाज कसली?

अंबूताई डबा द्यायचा विसरून घरी आल्या. अण्णा त्या दिवशी उपाशी राहिले आणि डोंबिवलीचा एक नियम जन्माला आला: आपला माल आपण विकायचा नाही, आणि आपल्या गल्लीत तर मुळीच नाही. मंगळवारी चिठ्ठ्या टाकायच्या. जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिचा माल आपण न्यायचा. डोंबिवलीचा माल ठाण्याला आणि कल्याणला जायचा, तिकडचा इकडे यायचा. नियमाचं दुसरं कलम असं की कोणी विचारलं तर करणारणीचं खरं नाव सांगायचं. “माल दुसरीचा, नाव पण दुसरीचं. तू फक्त तोंड दे.”

मीरा, तुझ्या कार्यालयाला जे सापडत नाही ते मला वाटतं हेच आहे. त्या बायकांना विकता येत नाही असं नाही. त्यांना स्वतःचं विकता येत नाही.

या चिठ्ठ्यांनी गमतीही केल्या. ठाण्याजवळच्या कोलशेतहून बारकूबाय यायची. खाडीकाठच्या आगरी घरातली, आठ मुलांची आई, सुकट आणि जवळा अशी वाळवलेली मासळी विकायला डोंबिवलीत फिरायची. तिची आणि अंबूताईंची ओळख भांडणातून झाली. अंबूताईंनी भाव पाडून मागितला, बारकूबायनं टोपली उचलली, अंबूताईंनी थोडा वाढवून दिला, बारकूबाय ओटीवर बसली आणि एक शब्द न बोलता पान लावू लागली. पान लावून होईपर्यंत अंबूताईंनी तिचा भाव कबूल केला होता. हरल्याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तिला मंगळवारी यायचं बोलावणंच केलं. तिला भिंतीपुढे कधी उभं राहावं लागलं नाही.

आणि एका मंगळवारी बारकूबायच्या सुकटीची चिठ्ठी निघाली ती कमळाबाई जोगळेकरांच्या हातात. कमळाबाईंच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात येत नसे. चिठ्ठी बदलू या, असं दोघीतिघी म्हणाल्या. कमळाबाईंनी पदर कमरेला खोचला, घट्ट झाकणाचा डबा मागितला, डब्याची कडी रुमालानं धरली आणि निघाल्या. गावातल्याच एका मासे खाणाऱ्या कोकणी घरी त्या पहिल्यांदा गेल्या तेव्हा तिथल्या बाईंना वाटलं की जोगळेकर वहिनी हरवल्या आहेत.

“मी खात नाही,” कमळाबाई म्हणाल्या, “वासही सोसत नाही. पण ही बाई मासळी वाळवायचं खळं कसं सारवते आणि माशीला कसं फिरकू देत नाही, ते मी जाऊन पाहिलंय. माझ्या ओट्यापेक्षा तिचं खळं स्वच्छ आहे.”

न खाणाऱ्या बाईची ही साक्ष इतकी चालली की पुढे लोक जोगळेकरांची सुकट म्हणून मागू लागले. कमळाबाई प्रत्येक वेळी ठणकावून सांगत, “जोगळेकरांची नव्हे, बारकूबायची.” जोगळेकरांना हे कळलं तेव्हा त्यांनी दोन दिवस मौन धरलं. कमळाबाई म्हणाल्या, बरं झालं, घरात शांतता आहे.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट इंदूची. अंबूताई कोण होत्या हे मला तिच्यामुळे कळलं.

इंदू चोवीसपंचवीस वर्षांची. नवरा तापानं गेलेला, पदरी नलू नावाची मुलगी, आणि आसरा दिराकडे, दोन खोल्यांत. दीर वाईट नव्हता. त्याची स्वतःची चार मुलं होती आणि जागा संपली होती. वाईकडे त्याचे एक म्हातारे चुलते होते, त्यांना स्वयंपाकाला बाई हवी होती. दिवाळी झाली की इंदूला आणि नलूला तिकडे पोचवायचं असं त्यानं ठरवलं होतं. त्या गावात मुलींची शाळा नव्हती. नलू तेव्हा दुसरीत होती आणि ती पाढे म्हणू लागली की विहिरीवरच्या बायका ऐकत थांबत. इंदूला चुलीपुढे आयुष्य काढायचं भय नव्हतं. नलूलाही ते काढावं लागेल याचं होतं. दिवाळीच्या आत स्वतःच्या पायावर उभी राहिली तर दीर आनंदानं सोडणार होता. नाहीतर वाई.

तिच्या हातात शिवण होतं. त्यातही लहान बाळांचे कपडे. झबली, टोपडी, दुपटी आणि कुंच्या. तुम्ही कुंची पाहिली नसेल: बाळाच्या डोक्यावरून पाठीवर उतरते, टोपी आणि शाल एकत्र शिवल्यासारखी, गळ्याशी बांधायला बंद. इंदूच्या कुंचीची शिवण आत कुठे आणि बाहेर कुठे हे कळत नसे.

अंबूताईंनी तिला भिंतीपुढे उभं केलं, गिरणीचं पांढरं कापड आणवलं, आणि इंदूनं पंधरा दिवस खपून एक गठ्ठा शिवला. इस्त्री केलेला, कडक, शुभ्र, कडेला फिकट निळी वेल. आम्ही सगळ्या पाहतच राहिलो. इंदूची चिठ्ठी बारकूबायच्या हाती आली. ती गठ्ठा घेऊन ठाण्याला गेली आणि संध्याकाळी तसाच्या तसा परत घेऊन आली.

“ताय, नवा कापर पोराला टोचते,” ती म्हणाली. “माज्या आठी पोरांना मी सासूच्या लुगऱ्यान गुंडाललीत. ह्या कोन घेल?”

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तिथे बसलेल्या प्रत्येकीला ही गोष्ट माहीत होती. बारसं होईपर्यंत तान्ह्याच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत, जुनेरच लावतात. आम्ही सगळ्या जुनेरातच वाढलो होतो. पण विकायचं म्हणजे ते नवंच असलं पाहिजे, अशी आमची समजूत. जुनं कोण विकत घेईल? त्यामुळे माहीत असलेली गोष्ट कोणाच्या डोक्यात आलीच नाही. अंबूताई छत्री मांडीवर घेऊन पहिल्यांदा ओटीवर खाली बसल्या. मग एकदम म्हणाल्या, “कापड विकायचंच नाही. हात विकायचा. ज्याच्या घरचं बाळ, त्याच्याच घरचं लुगडं.”

पुढच्या आठवड्यात बारकूबाय ठाण्यात घरोघर सांगत फिरली की आजीचं, पणजीचं मऊ झालेलं लुगडं द्या, त्याचीच कुंची शिवून आणते. लोकांना हे इतकं आपलं वाटलं की तिला समजावावं लागलं नाही. ट्रंकांच्या तळाशी ठेवलेली, टाकवत नाहीत आणि नेसवत नाहीत अशी लुगडी प्रत्येक घरात होती. बारकूबायच्या डोक्यावर सुकटीऐवजी लुगड्यांचं गाठोडं दिसू लागलं. इंदूला हात दुखेपर्यंत काम मिळालं.

शिवतं कोण, हे मात्र अजून कोणी विचारलं नव्हतं. आणि तिथेच काटा होता. तेव्हा विधवेला बारशाला बोलावत नसत. बाळाला तिनं समोरून येणं चांगलं मानत नसत. तिनं शिवलेली कुंची बाळाच्या डोक्यावर चढते आहे हे कळलं, तर ठाण्यातली दारं एका दिवसात बंद झाली असती. इंदू हे आमच्यापेक्षा चांगलं जाणत होती. ती मान खाली घालून शिवत राही आणि कोणी विचारू नये म्हणून देवाला विनवी.

गणपती झाल्यावर टेंभी नाक्याजवळच्या एका वकिलांच्या घरून मोठं काम आलं. वकिलांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. वकीलीणबाईंनी आपल्या कैलासवासी सासूबाईंची लुगडी काढून दिली: सबंध बाळंतविडा, कुंच्या, दुपटी, झबली, सगळं पणजीच्या लुगड्यांचं. इंदूनं ते असं शिवलं की मला हात लावायचा धीर होईना. मुलगा झाला. बारशाच्या आदल्या दिवशी निरोप आला की माल फार आवडला, उद्या बारशाला ठाण्यातल्या पुष्कळ बायका येणार आहेत, शिवणारीला घेऊन या, मला तिचा मान करायचा आहे.

ओटीवर तातडीची सभा भरली. सगळ्यांचं म्हणणं एकच. कमळाबाईंना पाठवा. सवाष्ण आहेत, लेकुरवाळ्या आहेत, चार टाके घालून दाखवायला लागले तरी येतात. मान त्या घेतील आणि इंदूच्या हाती आणून देतील. त्या एका घरामागे ठाण्यातली पन्नास घरं उभी होती. इंदूचं आणि नलूचं डोंबिवलीत राहणं त्यावर अवलंबून होतं. इंदूनंही हात जोडले. “अंबूताई, मला लपूनच राहू द्या. माझं काही जात नाही.”

अंबूताई म्हणाल्या, “इंदू, आज कमळाबाई गेल्या तर तुला जन्मभर त्यांच्या पदरामागे बसून शिवावं लागेल. आणि ज्या दिवशी कळेल त्या दिवशी लोक म्हणतील, आम्हाला फसवलं. आज कळलं तर एवढंच म्हणतील की नको. नको हे ऐकून माणूस मरत नाही. तू ये. नाही यायचं तर मी त्यांना इथूनच सांगून पाठवते, पण नाव तुझंच सांगीन.”

इंदू रडली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं साधं पातळ नेसून, नलूला शाळेत सोडून, ती विहिरीपाशी येऊन उभी राहिली. अंबूताई, बारकूबाय, इंदू आणि सोबतीला मी, अशा आम्ही चौघी ठाण्याला गेलो.

वकिलांचं घर बायकांनी भरलं होतं. पाळणा सजवलेला, दारात हळदीकुंकवाचं तबक. वकीलीणबाई हसत पुढे आल्या, तबकाकडे हात नेला, आणि त्यांची नजर इंदूच्या मोकळ्या कपाळावर गेली. हात तिथेच थांबला. पाळण्याजवळ वकिलांची थोरली बहीण बसली होती, सगळे त्यांना आत्याबाई म्हणत. त्या उठून पाळण्याच्या आणि आमच्या मध्ये उभ्या राहिल्या.

“ही काय थट्टा आहे? हिच्या हातचं आमच्या बाळाच्या डोक्यावर?”

“शिवनारीला बोलवलाव ना तुमी?” बारकूबाय म्हणाली. “हीच ती. दुसरी कुठून आनू?”

इंदू मागे सरली. अंबूताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पुढे ढकललं नाही, मागेही जाऊ दिलं नाही. मला वाटलं त्या आता बोलतील, छत्री उगारतील, व्याख्यान देतील. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी वकीलीणबाईंकडे पाहिलं आणि पाहत राहिल्या.

मग वकीलीणबाई आत्याबाईंकडे वळल्या.

“वन्सं, बाळाच्या डोक्यावरची कुंची कशाची आहे?”

“कशाची म्हणजे? आईच्या लुगड्याची.”

“आईंच्या कपाळाला तुम्ही कुंकू कधी पाहिलंत?”

आत्याबाई चार वर्षांच्या असताना त्यांचे वडील गेले होते. आईनं दुसऱ्यांकडे दळण-कांडण करून एका मुलाला वकील केलं आणि मुलीचं लग्न लावलं. घरातल्या प्रत्येकीला हे माहीत होतं. आत्याबाईंनी वळून पाळण्यात पाहिलं. ते लालसर, बिनकाठाचं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं लुगडं गळ्याशी बांधून बाळ गाढ झोपलं होतं.

“त्यांनीच वाढवलेलं हे घर आहे,” वकीलीणबाई म्हणाल्या. “त्यांचं लुगडं चालतं, मग हिचे हात का नाही चालणार? या हो, आत या. बाळाच्या कुंचीचा बंद सैल झालाय, तेवढा तुमच्या हातानं बांधा.”

इंदूनं बंद बांधला. बाळानं डोळे उघडले नाहीत.

आता खरं तर गोष्ट इथे संपायला हवी, पण अंबूताईंच्या दृष्टीनं मुख्य भाग पुढेच होता. बायका इंदूभोवती जमल्या, दुपट्यांच्या शिवणी पालथ्या करून पाहू लागल्या. आत्याबाई बराच वेळ बाजूला बसून होत्या. मग त्या जवळ आल्या, डोळे पुसले, आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या की माझ्या सुनेलाही सातवा आहे, आईचं एक लुगडं माझ्याकडे आहे, कुंची आणि दोन दुपटी शिवायचं काय घेशील?

नियमाप्रमाणे उत्तर बारकूबायनं द्यायचं. पण ती पान लावण्यात दंग झाल्याचं सोंग करत होती. अंबूताई छताकडे पाहत होत्या. इंदूनं एकदा दोघींकडे पाहिलं आणि भाव सांगितला.

“हातशिलाईचे एवढे?” आत्याबाई म्हणाल्या.

इंदू गप्प.

“मुंबईला तयार मिळतात याच्या निम्म्यात.”

इंदू गप्प. तिच्या ओठांपर्यंत शेपटी आलेली मला स्पष्ट दिसत होती. ती तिनं गिळली.

“बरं, बरं,” आत्याबाई म्हणाल्या. “पण बंद दुहेरी हवेत.”

स्टेशनकडे येताना अंबूताई इतक्या जोरात चालत होत्या की आम्हाला पळावं लागलं. मला वाटलं त्या वकीलीणबाईंच्या मोठ्या मनाबद्दल बोलतील. त्या म्हणाल्या, “आत्याबाईंनी भाव केला, ऐकलंस ना बी.ए.? ज्याला विटाळ वाटतो तो भाव करत नाही, तो दार लावतो. भाव केला की माणूस गिऱ्हाईक झालं.” आणि भर रस्त्यात छत्री उघडली. ऊनही नव्हतं आणि पाऊसही नव्हता.

त्या दिवाळीला इंदू वाईला गेली नाही. डोंबिवलीतच एक खोली घेतली. सामान हलवायला दीर स्वतः आला, आणि जाताना आपल्या धाकट्याची जुनी झबली ठेवून गेला, तुझ्या कामात जुनेर म्हणून वापरता येतील असं सांगून. वर्षभरात इंदूच्या हाताखाली दोघी शिवत होत्या. मंगळवारच्या चिठ्ठ्यांत ती पुढेही येत राहिली. एकदा तिला कमळाबाईंची भाजणी निघाली आणि तिनं ती सबंध कल्याणला विकून दुपारच्या आत डबा रिकामा आणला. कमळाबाई थोड्या खट्टू झाल्या; त्यांना वाटलं भाव जास्त सांगायला हवा होता.

अंबूताईंनी या कशातून स्वतःसाठी काही घेतलं नाही. बायकांनी एकदा वर्गणी काढून त्यांच्यासाठी चांगलं इरकली लुगडं आणलं. त्यांनी ते उलगडलं, काठ पाहिला, पोत पाहिला, आणि विचारलं, कितीला घेतलं? सांगितल्यावर कपाळाला हात लावला. कोणी आणलं, कोणत्या दुकानातून, भाव केला की नाही, याची अशी उलटतपासणी झाली की शेवटी दोघी जणी त्यांच्याबरोबर दुकानात गेल्या आणि दुकानदाराला कमी करून घ्यावं लागलं. ते लुगडं नेसून त्या सणासुदीला मिरवत आणि लोकांनी वाखाणलं की दुकानदाराची गोष्ट आधी सांगत.

पन्नासाचं दशक संपत आलं तेव्हा अण्णा निवृत्त झाले आणि दोघांनी कोकणात घरी जायचं ठरवलं. बायकांनी निरोपाचा मोठा समारंभ आखला. अंबूताईंनी दिवस सांगितलाच नाही. निघाल्या त्या नवरात्र संपता संपता, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. धंदा करणाऱ्या बाईला वर्षात याहून गर्दीचा दिवस नसतो. कळलं तेव्हा जी ती आपापल्या कामात अडकलेली. मुंबईला जाऊन त्यांना पुढे बोट धरायची होती; स्टेशनवर पोचवायला गेलो ते आम्ही दोघंच, तुमचे आजोबा आणि मी.

मला वाईट वाटलं. इतक्या जणींचं आयुष्य ज्यांनी उभं केलं त्यांच्या निरोपाला कोणी नाही. मी तसं बोलून दाखवलं. त्या ट्रंकेवर बसल्या होत्या, ही मी त्यांना बसलेलं पाहिल्याची दुसरी वेळ. त्यांनी माझ्याकडे अशा आनंदानं पाहिलं की मी अजून विसरले नाही.

“एकही आली नाही?” त्या म्हणाल्या. “कमळाबाई नाही? इंदूसुद्धा नाही? अगं, मग जमलं की सगळं. गिऱ्हाईक सोडून कोणी निरोप द्यायला येतं का?” आणि अण्णांना म्हणाल्या, “ऐकलंत? एकही आली नाही.” अण्णांनी मान डोलावली. गाडी हलली तेव्हाही त्या खिडकीतून हसत होत्या. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

तो ओटा आता नाही, तिथे चार मजली इमारत आहे. विहीर बुजवली. कमळाबाई, बारकूबाय, इंदू, कोणी राहिलं नाही. नलू शिकली, शाळेत मुख्याध्यापिका झाली, निवृत्त झाली, आणि आता आईचं काम तिची सून पाहते. ठाण्यात एका गल्लीत तळमजल्यावर त्यांची खोली आहे, पाच जणी शिवतात. लुगडी नेसणाऱ्या आज्या फारशा उरल्या नाहीत म्हणून लोक आता सुती साड्या आणून देतात. काम चालू आहे.

तुमची,
आजी